आठ दिवसांनी दुप्पट

१

सोमवारी सकाळी सगळ्यात आधी रिकाम्या पेटीचा आलेख बघायचा, हा अण्णांचा एकवीस वर्षांचा नेम होता. बॅग ठेवायची, चष्मा पुसायचा, आणि चहाच्याही आधी तो आलेख.

प्रयोगशाळा तळघरात होती. तिथे ठिकठिकाणची माती यायची. शेतांतली, नदीकाठची, कारखान्यांच्या मागच्या उजाड जागांतली, तळ्यांच्या बुडाचा गाळ. अण्णा ती ओव्हनमध्ये वाळवत, कुटून चाळून घेत, गोल डब्यात दाबून भरत आणि झाकणाला चिकटपट्टी लावून महिनाभर कपाटात ठेवून देत. मग डबा शिशाच्या पेटीत जायचा. पेटीच्या भिंती चांगल्या पाच बोटं जाड, आणि आत एक स्फटिक, द्रव नायट्रोजनने गारठवलेला. तो काही सोडत नाही, नुसता ऐकतो. सगळ्याच मातीत थोडा किरणोत्सर्ग असतो, कुणाला न बाधणारा. तो किती आणि कशाचा, एवढंच अण्णांनी सांगायचं. प्रत्येक पदार्थाचा ठरलेला आकडा असतो आणि पडद्यावर त्या आकड्यापाशी एक उंचवटा उमटतो.

शनिवार-रविवार पेटी रिकामी ठेवून मोजायची, कारण रिकामी पेटीही अगदी गप्प नसते. भिंतींचं, हवेचं, खुद्द शिशाचं काही ना काही येतच राहतं. ते टिपून ठेवायचं आणि आठवडाभर प्रत्येक नमुन्यातून वजा करायचं. जे नेहमीचंच आहे ते धरायचं नाही. नव्या माणसाला हे समजावताना अण्णा म्हणायचे की संसारातही असंच असतं, बायको चार दिवस बाहेरगावी गेली की मगच कळतं घरात कशाकशाचा आवाज होता ते. बायको वारल्यापासून हा विनोद त्यांनी केला नव्हता.

त्या सोमवारी रिकाम्या पेटीच्या आलेखात तीनशे चौसष्टपाशी एक उंचवटा होता. अगदी लहान, सपाट चादरीखाली वाटाणा राहून जावा तेवढा. तक्ता काढून बघायची गरज नव्हती. आयोडीन. गळ्यातल्या ग्रंथीच्या कॅन्सरला हॉस्पिटलात पाजतात ते. अण्णांच्या बायकोला तीन वर्षांपूर्वी दिलं होतं. ते आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मं. पाच-सहा महिन्यांनी शोधायला गेलात तर नाव नसतं.

अण्णांनी चहा घेतला आणि परत येऊन पाहिलं. उंचवटा होता तिथेच होता.

२

विभागाच्या प्रमुख मॅडम अण्णांहून पंधरा वर्षांनी लहान होत्या आणि त्यांचं डोकं कधी तापलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आलेख बघून खांदे उडवले. बसमध्ये कुणी पेशंट शेजारी बसला असेल, त्याचा घाम लागला असेल, एवढ्याने होतं, म्हणाल्या. सगळं पुसून मोजा.

अण्णांनी कागदाच्या ओल्या चकत्यांनी टेबल, खुर्च्या, दाराच्या मुठी, कळफलक असं सगळं पुसलं आणि एकेक चकती मोजली. दोन दिवस गेले. सगळं स्वच्छ. उरला खुंटीवरचा स्वेटर.

स्वेटर बायकोचा होता. तपकिरी, कोपरांवर विरलेला, सैल विणीचा म्हणून दोघांनाही व्हायचा. मोजणीच्या खोलीत यंत्रापायी बारा महिने गारठा, आणि अण्णांचा खोकला हटत नव्हता. लेक राहायला आल्याला दहा दिवस झाले होते. तिनेच आईचं कपाट उघडून तो काढून दिला आणि वर दटावलं, की कसर लागून जाण्यापेक्षा तुमच्या अंगाला लागला तर काय बिघडलं. तिला कुठे ठाऊक होतं, की औषध घेऊन आल्यावर मागच्या खोलीत एकटीने काढलेल्या दिवसांत आईच्या अंगात हाच स्वेटर होता.

घडी घालून तो पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तीनशे चौसष्टपाशी उंचवटा असा सुबक उभा होता, की शिकवायच्या पुस्तकात छापावा.

मॅडम बराच वेळ पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "तीन वर्षं म्हणजे एकशे छत्तीस वेळा निम्मं," त्या म्हणाल्या. "अण्णा, तेवढ्यात अख्ख्या डोंगरातला एक अणूही उरत नाही. हे नवंच लागलेलं आहे. बस बदला."

अण्णांना ते पटलं. पटलं म्हणूनच त्यांनी रीतसर नमुना म्हणून स्वेटरची नोंद केली. त्या अर्जात एक रकाना असतो, संदर्भ दिनांक. मोजलं आज असलं तरी आकडा ज्या दिवसाचा सांगायचा तो दिवस. मातीच्या बाबतीत ती जमिनीतून उचलली तो. मग यंत्रातला हिशेब मधल्या काळात जे विरून गेलं ते परत भरून काढतो आणि नमुना त्या दिवशी कसा होता ते सांगतो. स्वेटरसाठी अण्णांनी आजची तारीख घालायला हवी होती. बोटं कळफलकावर थांबली, आणि त्यांनी बायकोला औषध दिलं तो दिवस घातला. चुकून नाही. एकदा बघावं, एवढंच मनात होतं.

पडद्यावर इतके आकडे आले की रकान्यात मावेनात. अण्णा कसनुसं हसले. मग नोंद रद्द करायला गेले तेव्हा आठवलं, की इथे केलेली नोंद पुसता येत नाही. खाली दुरुस्ती लिहून सही करता येते, पण पहिली नोंद तशीच राहते.

३

लेकीला दिवस जाऊन पाच महिने पूर्ण झाले होते. जावई बोटीवर, आणखी चार महिने यायचा नव्हता, म्हणून ती बाबांकडे आली होती. मागची खोली तिनेच मागून घेतली. तिथे दुपारी शांत असतं, म्हणाली.

आल्यापासून घराला आवाज आले होते. कपाटांची दारं, फोनवरचं हसणं, कढईचा आवाज. अण्णांना बरं वाटत होतं आणि बरं वाटल्याबद्दल थोडं अपराधीही.

एका रविवारी ती पेपर वाचता वाचता म्हणाली, "बाबा, तुम्ही फ्लश दोनदा का करता हो?"

अण्णा म्हणाले, टाकी जुनी आहे. पण दोनदा ते कधीच करत नव्हते. दोनदा करायचं पत्रकात लिहिलेलं होतं, औषध घेऊन घरी आलेल्या पेशंटसाठी. वेगळं ताट, वेगळा टॉवेल, फ्लश दोनदा, माणसांपासून दोन मीटर, आणि गरोदर बाईच्या आसपासही फिरकायचं नाही. बायकोने ते पत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि एकेक ओळ पाळली होती. दोन मीटर म्हणजे किती, यावरून वाद नको म्हणून तिने अण्णांकडून टेपने मोजून घेतलं होतं आणि खडूची रेघ ओढायला लावली होती. रेघेअलीकडे खुर्ची टाकून अण्णा बसायचे आणि ती पलीकडून त्यांची टिंगल करायची, की लग्नाआधी तरी इतक्या लांब बसला होतात का.

लेक तेव्हा परदेशात होती. येते म्हणून रोज फोन करायची, आणि आई रोज सांगायची, आलीस तर दार उघडणार नाही. मग आई बरी झाली, मग फुप्फुसात निघालं, मग सगळं इतकं भराभर झालं की लेक पोचली ती एक दिवस उशिरा. मायलेकींची गळाभेट राहिली ती राहिलीच.

फ्लशचं विचारल्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारी, अण्णा पुढच्या खोलीत डुलकी काढत होते. मागून लेकीचा झोपाळू आवाज आला, बाबा, गोळ्या नका चघळत बसू, साखर वाढेल.

अण्णांच्या तोंडात काही नव्हतं. पण ऐकू त्यांनाही येत होतं. दातांवर कडक गोळी लागल्याचा आवाज. टक्. मग गालात फिरवल्यासारखी शांतता. मग पुन्हा टक्. औषधाने तोंडातली लाळ आटते, म्हणून आंबट गोळ्या सतत चघळायला सांगतात.

"नाही चघळत," अण्णा म्हणाले. आवाज थांबला.

४

स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला होता. आठ दिवसांनी निम्मं झालेलं दाखवून प्रकरण मिटवायचं, असं ठरलं होतं. पहिल्यांदा स्फटिकाने तासाला एक्केचाळीस ठोके टिपले होते. आठ दिवसांनी वीस-एकवीस यायला हवे होते.

आले त्र्याऐंशी.

अण्णांना लगेच कारण सुचलं आणि हायसं वाटलं. तारीख. या नोंदीत ती पंधरवडाभर मागची पडली असेल. संदर्भ दिनांक मागचा असला की हिशेब आकडा फुगवतो. नवीन माणसं ही चूक वर्षातून एकदा करतातच. त्यांनी दुरुस्तीच्या रकान्यात आजची तारीख घातली, सही केली, आणि तरी समाधान होईना म्हणून हिशेबाच्या आधीचे कच्चे ठोके काढले. त्यांना तारीख ठाऊक नसते. स्फटिकाने ऐकलं ते तेवढंच. त्र्याऐंशी.

आणखी आठ दिवसांनी एकशे पासष्ट. आणखी आठ दिवसांनी तीनशे बत्तीस.

मॅडमनी यंत्र तपासलं, दुसऱ्या यंत्रावर मोजून पाहिलं, स्वतःच्या हाताने. त्या दिवशी त्या डबा खातानाही बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, की वाढणारं त्यांनी बरंच पाहिलंय, पण बरोब्बर उलट्या चालीने वाढणारं पाहिलं नाही. चित्रफीत मागे फिरवावी तसं. अण्णांनी त्यांना तारखेचं सांगितलं नाही. माणूस मनात काय आणतो याच्याशी स्फटिकाला काय देणंघेणं, असं ते स्वतःला बजावत होते. आणि तरी बजावून झालं की त्यांना तो रकाना दिसायचा. नमुना त्या दिवसापर्यंत मागे न्या, असं त्यांनीच लिहून दिलं होतं, आणि सही केली होती.

घरी येताना बसमध्ये त्यांनी बोटांवर मोजलं. लेकीचं बाळंतपण तेव्हा तीन महिन्यांवर आलं होतं. अकरा-बारा वेळा दुप्पट. दोन, चार, आठ, सोळा. बाराव्या वेळी चार हजार पट. आणि बाळ झाल्यावर ते थांबेल असं कुणी सांगितलं होतं?

त्यांना आकडे भीतीदायक वाटायचे नाहीत, आयुष्य त्यांत गेलं होतं. त्या दिवशी स्टॉप आला तरी ते उठले नाहीत. कंडक्टरने दोनदा विचारलं.

५

प्रयोगशाळेतलं हातात धरायचं यंत्र त्यांनी सही करून घरी आणलं. विटेएवढं, वर काटा. लेकीला सांगितलं, दुरुस्त झालंय की नाही ते बघायचंय. ती म्हणाली, नोकरी घरापर्यंत आणायची खोड आईने मोडली होती वाटलं.

स्वेटर घरात नव्हता. स्वेटर सात किलोमीटरवर, प्रयोगशाळेच्या कपाटात बंद होता. घरात काही असायचं कारण नव्हतं.

दुपारी लेक पुढच्या खोलीत सोफ्यावर पाय पसरून वाचत बसली होती. अण्णा घरभर फिरले. स्वयंपाकघर, काही नाही. मागची खोली, काही नाही. कपाट उघडलं. तिथेही नाही. पुढच्या खोलीत आले तेव्हा काटा हलला. दाराशेजारी एक वेताची खुर्ची होती, रिकामी. तिच्यापाशी काटा चढत होता आणि दोन पावलं बाजूला झालं की पडत होता.

लेक उठून खिडकीत जाऊन उभी राहिली. अण्णांनी पुन्हा खुर्चीपाशी यंत्र धरलं. काही नाही. ते हळूहळू फिरले. काटा चढला तो जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यापाशी. तिथे तर खुर्चीही नव्हती. नुसती हवा.

ती खिडकीतच फोनवर बोलत होती. अण्णांनी खणातून टेप काढली. जिथे काटा सगळ्यात वर, तिथपासून लेकीच्या टाचांपर्यंत. त्यांनी दोनदा मोजलं.

दोन मीटर. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

अण्णा टेप हातात धरून जमिनीवरच बसले. त्यांना रडू आलं, आणि भीती वाटायच्या आधी आलं ते हेच. तीन वर्षांनीही बायको ती रेघ पाळत होती. कुणी बघत नसताना, कुणी विचारणारं नसताना, लेकीला बघायला आली होती आणि नियमाने लांब उभी होती.

६

पुढच्या आठवड्यात दीड मीटर होतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात अण्णांना टेप लागली नाही. हात लांब केला असता तर दोघींना लागला असता.

त्यांनी लेकीला सुचवून पाहिलं, की तुझी नणंद एवढी बोलावते तर जा तिच्याकडे. ती हसली. म्हणाली, नणंदेकडे बाळंत व्हायला जाणारी मी पहिलीच भावजय असेन. मग गंभीर झाली. खरं सांगू का, इथे मला झोप छान लागते, म्हणाली. दुपारी उठते तेव्हा केससुद्धा गुंतलेले नसतात. लहानपणी आई शाळेतून आल्यावर विंचरायची ना, तसे सरळ असतात.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मॅडमनी तिची चेष्टामस्करी केली, बसायला उशी दिली, अण्णांनी लहानपणी तुला आमच्या डब्यात भरलं नाही हे नशीब, म्हणाल्या. पेटीचं शिशाचं दार सरकवलं आणि तिला गळा स्फटिकासमोर येईल अशी वीस मिनिटं बसवलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, हे यंत्र काही सोडत नाही, नुसतं ऐकतं. मग पोटाजवळ ते सरकत नव्हतं म्हणून तिलाच सरकायला लावलं. ती गुणगुणत बसली होती.

गळ्यात काही नव्हतं. पोटात काही नव्हतं. अण्णांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

मॅडमनी निघताना तिच्या केसांचा रबर मागून घेतला. लेकीला वाटलं गंमत. रबर पेटीत ठेवला आणि अण्णा पडद्यासमोर बसले. बाकी आलेख भरायच्या आतच तीनशे चौसष्टपाशी उंचवटा चढायला लागला. स्वेटरहून उंच.

मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, घरात कोण आहे?"

मॅडमनी पुढे विचारलं नाही. शिशाचं दार मात्र त्यांनी लागतं त्याहून जोरात लावलं.

७

शनिवारी दुपारी लेक जेवून झोपली. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, एक हात पोटाखाली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पलंगाच्या पायथ्याशी. अण्णा दारात यंत्र घेऊन उभे राहिले. काटा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला होता आणि थरथरत होता. त्यांनी यंत्र बंद केलं. आता त्याची गरज नव्हती.

टक्.

आवाज उशीजवळून आला. लेकीच्या कानामागची एक बट उचलली गेली, वारा नव्हता, आणि हळूच मागे बसवली गेली. मग दुसरी.

बुद्धी अजून कारणं पुरवत होती. पंखा असेल. श्वास असेल. अण्णांनी सगळी ऐकून घेतली, जशी एखाद्या अशिलाची ऐकावी, आणि खोलीत गेले. दोन वर्षं ते एकाच गोष्टीसाठी झुरले होते, की तिच्याशी पुन्हा एकदा बोलता यावं. काय बोलायचं ते पाठ होतं. त्यातलं काहीच आता बोलायचं नव्हतं.

ते पलंगाशेजारी जमिनीवर बसले.

"अगं," ते म्हणाले. "तिच्या पोरीचा नाहीतर पोराचा गळा आत्ता माझ्या करंगळीएवढा असेल. तुझ्याजवळचं सगळं तिथे जाऊन बसेल. पत्रक तूच मला वाचून दाखवलं होतंस."

बट हवेत थांबली.

"तुला तिला भेटायचं होतं. ठाऊक आहे मला. भेटलीस. आता तिला सोड."

काही झालं नाही. लेक झोपेत काहीतरी पुटपुटली, आणि उशी तिच्या मागच्या बाजूला आणखी थोडी दबली, कुणीतरी डोकं टेकवावं तशी. अण्णांच्या लक्षात आलं की ती ऐकतेय, आणि तिला जायचं नाहीये. जिवंतपणी तिने नियम पाळले होते ते पुढे दिवस आहेत असं धरून. आता तिच्याकडे धरायला काय होतं?

मग ते म्हणाले, "माझ्याजवळ ये. मला चालेल."

बट खाली पडली. बराच वेळ खोलीत नुसता लेकीचा श्वास होता. आणि मग अण्णांच्या गळ्याला, डाव्या बाजूला, हाताची पालथी बाजू लागली. ताप बघताना लावतात तशी. गार नव्हती. तीच गोष्ट त्यांना नंतर कुणाला सांगता आली नाही, ती गार नव्हती.

लेकीला जाग आली तेव्हा ऊन सरून गेलं होतं आणि बाबा तिच्या पलंगाशी मान कलती करून बसले होते. केस तिने स्वतःच बोटांनी सोडवले. आज किती गुंतलेत, म्हणाली.

८

तिचा रबर पुढच्या आठवड्यात स्वच्छ निघाला. त्याच्या पुढच्याही. उशीची खोळ, टॉवेल, गाऊन, सगळं स्वच्छ. घरात काटा आता एकाच जागी हलायचा, आणि ती जागा अण्णा जातील तिथे जायची.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी पेटीचं दार सरकवलं, स्टूल ओढलं आणि स्वतःचा गळा स्फटिकासमोर धरला. दहा मिनिटं पुरली. मॅडम छत्री विसरल्या म्हणून परत आल्या, त्यांनी पडदा पाहिला. हा कुठला नमुना, विचारलं. अण्णांनी नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं. मॅडम खुर्ची ओढून बसणार होत्या, मग बसल्या नाहीत. हॉस्पिटलात दाखवा, म्हणाल्या, आणि हे आठ दिवसांनी पुन्हा मोजा. अण्णा हो म्हणाले. आठ दिवसांनी काय येणार ते कळायला दोघांनाही मोजायची गरज नव्हती.

त्याच दिवशी त्यांनी लेकीच्या नणंदेला फोन केला. लेकीला सांगितलं की छातीत काहीतरी आहे, खोकला संसर्गाचा निघाला, डॉक्टरांनी तिच्या जवळपासही जायचं नाही असं बजावलंय. शेवटचं तेवढं खरं होतं, फक्त ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ती चिडली, मग रडली, मग बॅग भरायला लागली. ती मागच्या खोलीत तर अण्णा पुढच्या, असे चार दिवस गेले. ताट ते आपलं आपण घेत.

रविवारी सकाळी नणंद गाडी घेऊन आली. अण्णांनी बॅगा आदल्या दिवशीच फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या होत्या. लेक अंगणातून त्यांच्याकडे यायला निघाली तसे ते दोन पायऱ्या मागे चढले. ती तिथेच थांबली.

"नुसतं जवळ घ्यायचं तर आहे, बाबा."

"नको, बाळा."

"आईपण असंच करायची. मी येते म्हटलं की नको."

"तिचं बरोबर होतं," अण्णा म्हणाले.

तिने पोटावर हात ठेवला. मग विचारलं, बाळाला बघायला तरी येणार ना. अण्णांनी मान हलवली. ती हो की नाही, ते तिने ठरवावं अशी हलवली. पाठीत एक हात, गुडघ्यावर एक हात, असं करत ती गाडीत बसली, आणि नणंदेने दार लावलं.

गाडी सुरू झाली. लेकीने काच खाली करून हात हलवला. अण्णांनीही हलवला. गाडी वळून रस्त्याला लागताना तिचा हात मध्येच थांबला. ती अण्णांकडे बघत नव्हती. त्यांच्या डाव्या खांद्याशेजारी, दाराच्या काळोखात, बघत होती. चेहऱ्यावरचा रंग गेला. तोंड उघडं राहिलं. आणि मग, शाळा सुटल्यावर फाटकाशी न्यायला आलेलं माणूस दिसावं तशी ती हसली, डोळे भरलेले असताना, आणि पुन्हा हात हलवायला लागली. आता हळू. आता दुसऱ्याच कुणाला. नणंदेने वळून पाहिलं, तिला दारात एकटे अण्णाच दिसले असावेत, कारण तिने नुसती मान लववली.

गाडी कोपऱ्यावरून गेली. समोरच्या घरी कुणीतरी पायपुसणं झटकत होतं. अण्णा गाडीचा आवाज जाईपर्यंत उभे राहिले. मागे वळून बघायचं त्यांना धाडस झालं नाही की गरज वाटली नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग ते दाराकडे फिरले, नजर खाली ठेवून, आणि चौकटीत थोडे एका बाजूला सरकले, दोघांना एकदम जाता येईल इतके. आणि आत गेले.